पुरे हा शब्द

आईचं नाव मालजा.
म्हणजे शेवटची. म्हणजे मुली आता पुरेत.
ती पाचवी. आजोबांनी नोंदणी कचेरीत
तेवढी दोन अक्षरं सांगितली
आणि छत्री तिथेच विसरून घरी आले.
छत्रीसाठी मात्र परत गेले.

मुनग्यॉंगच्या उतारावर तिच्या ओमिजाच्या सहा ओळी,
सिमेंटचे खांब, गंजकी तार.
सप्टेंबरात घोस इतके लाल होतात
की तोडणाऱ्या बायका बोटं धूत नाहीत,
म्हणतात, उद्या पुन्हा तेच.

ओमिजा म्हणजे पाच चवी.
साल गोड, गर आंबट,
बी फोडलंस तर आधी कडू,
मग तिखट, जिभेच्या पार मुळाशी,
आणि मीठ कुठून येतं ते कुणी सांगत नाही.
तुरट राहिलं की गं, मी लहानपणी म्हटलं होतं.
ते चावणाऱ्याचं असतं, म्हणाली
आणि बरणीत साखरेचा आणखी एक थर ओतला.

मी देजॉनला असते. तिसरा मजला,
पंचवीस अंश, दारावर काळा पडदा.
तिच्याच तिसऱ्या ओळीतल्या कोवळ्या देठाचा
नखाएवढा तुकडा आणला होता मी, ओल्या कापसात.
त्याचे आता चारशे फ्लास्क झालेत.
पान नाही, मूळ नाही, चढायला तार नाही.
शिळ्या भाताच्या ढेकळासारखं काहीतरी फिकट,
वाढतंय.
दर चार आठवड्यांनी मी ते चिमट्यानं तोडते,
नव्या खळीवर ठेवते, झाकण, तारीख, अंधार.
त्याला कुणी सांगितलेलंच नाही
देठ कुठे संपतो.

पण नुसतं लाडानं वाढवलं तर ते औषध देत नाही.
गुबगुबीत होतं आणि गप्प बसतं.
मग थेंबभर एक द्रव सोडायचा, चमेलीसारखा वास,
वेलीच्या भाषेत त्याचा अर्थ: चावलं गं, कुणीतरी चावलं.
अळी नसते. काहीच नसते.
तरी आठ दिवसांत आलेखावर
शिसँड्रिनचं शिखर उभं राहतं, सुईसारखं,
शेजारी दोन बुटकी, त्यांची नावं अजून ठरायचीत.
सर टाळी वाजवतात.
मला दरवेळी उगीच
कुणाला तरी खोटं घाबरवल्यासारखं वाटतं.

आई एकदाच आली. शहरातल्या डॉक्टरकडे,
यकृताचे आकडे वर गेले होते.
सहा दशकं ओमिजा पिऊन, म्हणाली, आणि हसली,
माझ्याकडे न बघता.
फ्लास्क उजेडाला धरला, बाळाची बाटली बघावी तसा.
हे आपलंच?
आपलंच.
चव काय याची?

प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही,
लाल अक्षरांत लिहिलंय, माझ्याच अक्षरात.
त्या रात्री पडद्याआड मी एक दाणा
जिभेवर ठेवला.
गोड लागलं. पण ती खळीतली साखर.
ती विरली, आणि मग
खूप वेळ वाट पाहिली.
लांबवर कडूची सुरुवात झाल्यासारखी वाटली,
की माझंच तोंड होतं ते, रात्रीचे दोन वाजलेले.

फोन केला. ती जागीच होती.
मीठ तरी?
नाही.
बरं, म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली,
चारशे म्हणालीस ना?
हो. आता पाचशे वीस.
आणि थांबव असं कुणी म्हणत नाही?
नाही आई. उलट जास्त मागतात.

पलीकडे शांतता. वाऱ्यानं पत्रा वाजला असावा.
मग तिच्या नेहमीच्या आवाजात,
चौथ्या ओळीची तार तुटलीय, वेल जमिनीला टेकलीय.
शनिवारी येशील तर पक्कड आण,
घरातली गंजली.